पाचवी पाकोळी

काल्दशचा कारखाना गेला, चिमणी तेवढी उरली.
चिमणीवर आता करकोचे राहतात.
तिथे एकतीस वर्षं झिलईत हात बुडवलेली इदालिना
माझ्या गॅरेजात स्टुलावर बसून
प्लास्टिककडे संशयानं बघते.

मशीननं रात्रभर विणलेली पाकोळी,
पंखांवर रेघाच रेघा,
ओहोटीनं वाळूवर सोडाव्यात तशा.
"ही उडणार कशी?" ती म्हणते,
"हिच्या अंगावर तर पायऱ्या आहेत."

पाच मुलं, पाच पाकोळ्या.
प्रत्येक बाळंतपणानंतर कामावर परतली
की नापास मालाच्या ढिगातून एक उचलून आणायची.
फेब्रुवारीच्या वादळात मधली पडली. अदेरितुची.
अदेरितु लक्झेंबर्गला पूल रंगवतो, नाताळला फोन करतो,
भिंतीबद्दल कधीच विचारत नाही.
पण विचारलं तर?

म्हणून घासणं.
एकशेवीसचा कागद, मग दोनशेचाळीस,
मग चारशे, पाण्यात भिजवून.
वर राखाडी प्रायमर. तो तर शेजारणीसारखा,
झाकायला बोलवावं आणि सगळं उघडं करावं.
खाचेत लुकण. पुन्हा घासणं. पुन्हा प्रायमर.
"डोळे मीट आणि बोट फिरव," इदालिना म्हणते,
"डोळा भिडस्त असतो. बोट तोंडावर सांगतं."

रंगाला मी हात घातला
तेव्हा तिनं कुंचला काढूनच घेतला.
तिचा हात थरथरतो, कॉफी बशीत सांडते,
पण मनगट वळलं आणि थरथर कुठे गेली कोण जाणे.
पाठीला निळसर काळा, पोटाला दुधी,
गळ्याखाली विटकरी, एका दमात.

लॅकर मात्र माझं काम. पातळ फवारा.
वीस मिनिटं थांबा. पुन्हा पातळ.
तिसऱ्या हाताला मी घाई केली,
शेपटीच्या टोकाला थेंब लोंबला
आणि लोंबतच सुकला.
"आमच्याकडे भट्टी होती," ती म्हणाली,
"रात्रीत काय ते सोक्षमोक्ष लावायची.
तुझ्याकडे आग नाही. मग थांबायला तरी शीक."
थेंब कापला. दोन हजारचा कागद, साबणाचं पाणी.
त्या आठवड्यात गॅरेजात झाडूला बंदी,
कुत्र्याला बंदी, माझ्या लोकरी स्वेटरला बंदी.

आठव्या दिवशी पाकोळीच्या पाठीत खिडकी दिसली,
खिडकीत आम्ही दोघं, फुगीर, बुटके.
इदालिनानं नखानं टिचकी मारली.
टक्.
ठण् नाही. टक्.
ती काही बोलली नाही. मीही.

शिडीवरून मधल्या खिळ्याला अडकवली,
खाली उतरून पाहतो तर घोटाळा:
चार मळकट पाकोळ्यांत ही एकटीच
नव्या नवरीसारखी चकाकतेय.
म्हटलं, हिची चमक थोडी मारतो,
सांधीकोपऱ्यांत तपकिरी भरतो, जुनी करून देतो.
त्याचीही बाटली आहे माझ्याकडे.

"जुनी?" इदालिनानं बाह्या सारल्या.
"एकतीस वर्षं मी काय धूळ विकली?"
बादली, व्हिनेगर, मऊ फडकं.
चौघींना एकेक करून खाली उतरवलं.
पहिल्या पुसण्याला सार्डिनच्या शेगडीचा धूर निघाला,
दुसऱ्याला समुद्राचं मीठ,
आणि खालून झिलई,
केसाएवढ्या चिरा पडलेली,
तरी आत्ताच कुणी पाण्यातून काढल्यासारखी ओली.

रस्त्यावरून जाणाऱ्याला आता पाच सारख्या दिसतात.
परवा गारा पडल्या, तेव्हा मी तिच्या ओट्यावर होतो.
ठण्, ठण्, टक्, ठण्, ठण्.
मी ओशाळून बुटांकडे पाहिलं.
"असू दे," इदालिना म्हणाली,
"फोनवर अदेरितुची पोर्तुगीज
हल्ली अशीच वाजते."